सही कुठे करू?

"मॅडम, सही कुठे करू?"

पीएचडीच्या कामात मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य कुठलं असेल तर हे. "हे कशासाठी आहे?" नाही, "मला काही त्रास होईल का?" नाही. थेट सही कुठे करायची ते.

जुन्या वाचकांना माहीत आहे, मी गरोदर स्त्रियांमधल्या रक्तक्षयावर काम करते. लोहाच्या गोळ्या नियमित घेऊनही काही जणींचं हिमोग्लोबिन का वाढत नाही, हा माझा प्रश्न. त्यासाठी एका सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बसून मी नमुने गोळा करते. प्रत्येकीकडून ५ मिली रक्त घ्यायचं, म्हणजे एक चमचाभर. एवढ्यासाठी एथिक्स कमिटीने मला चार पानी माहितीपत्रक लिहायला लावलं, ते मराठीत करायला लावलं आणि भाषा अवघड आहे म्हणून परतही पाठवलं. तेव्हा वैताग आला होता. आज त्या वैतागाबद्दल, आणि त्याच्या अगदी उलट टोकाला असलेल्या एका गोष्टीबद्दल लिहायचंय. माझ्या टेबलापासून वीस पावलांवर, त्याच इमारतीत, पोट उघडायची शस्त्रक्रिया एका छापील ओळीखालच्या सहीवर होते. ती ओळ साधारण अशी असते: 'मला सर्व धोके समजावून सांगितले आहेत.' कुठले धोके, ते त्या कागदावर नसतं.

'घेतली' आणि 'दिली'

आधी शब्दांकडे बघू. रुग्णालयात कुणीही 'संमती दिली का' असं विचारत नाही. विचारतात, "कन्सेंट घेतली का?" रक्तदाब घेतला का, वजन घेतलं का, तशी कन्सेंट घेतली का. म्हणजे कर्ता रुग्ण नाही, आपण. रुग्णाच्या फाईलमधला तो एक कागद असतो. तो नसेल तर ऑपरेशन थिएटरची सिस्टर पेशंट आत घेत नाही, म्हणून रेसिडेंट डॉक्टर पळत येऊन सही करून नेतो.

पुस्तकातली व्याख्या वेगळी आहे. संमती खरी ठरायला चार गोष्टी लागतात: निर्णय घेण्याची क्षमता, पुरेशी माहिती, ती माहिती समजणं आणि दबावाशिवाय हो किंवा नाही म्हणता येणं. सही हा या चार गोष्टी घडल्याचा पुरावा, त्या चार गोष्टी नव्हेत. परीक्षेच्या हजेरीपटावर सही केली म्हणजे पेपर सोडवला असं होत नाही ना, तसंच.

एक चांगला निकाल, आणि त्यातला एक वाईट परिच्छेद

भारतात या विषयावर बोलायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या १६ जानेवारी २००८च्या समीरा कोहली निकालापाशी यावंच लागतं. मी वैद्यकीय शाखेची नाही, कायद्याची तर नाहीच. पण एथिक्सच्या कोर्सवर्कमध्ये हा निकाल दोनदा वाचला. पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यांदा अडले.

घटना अशी. मे १९९५, दिल्ली. ४४ वर्षांची अविवाहित स्त्री, पाळीत रक्तस्राव थांबत नाही म्हणून एका खासगी क्लिनिकमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी भूल देऊन दुर्बिणीने तपासणी करायचं ठरलं. तिने सही केली ती दुर्बिणीतून तपासणी आणि उपचारासाठी; पोट उघडावं लागू शकेल, एवढंही त्यात होतं. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या तिच्या वृद्ध आईकडून आणखी एक सही घेतली गेली आणि गर्भपिशवी, दोन्ही अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकल्या. ती जागी झाली ती हे सगळं झाल्यावर.

न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. जीव वाचवायला ताबडतोब करावंच लागलं असतं तर गोष्ट वेगळी, तसं इथे नव्हतं. आणि रुग्ण सज्ञान असेल, फक्त तात्पुरती बेशुद्ध असेल, तर तिच्या आईला तिच्या वतीने हो म्हणायचा अधिकार नाही. डॉक्टरांनी चांगल्या हेतूने केलं, हेही मान्य करून न्यायालयाने त्यांची फी नाकारली आणि २५,००० रुपये भरपाई दिली. मागणी होती २५ लाखांची. रकमेवर वाद घालता येईल, पण तत्त्व पक्कं आहे आणि आजही भारतातले वकील आणि डॉक्टर त्याच तत्त्वावर चालतात.

आता तो परिच्छेद. रुग्णाला किती सांगायचं हे कुणी ठरवायचं, याची चर्चा करताना निकाल भारतीय परिस्थितीकडे वळतो. त्याचा सारांश माझ्या शब्दांत: आपले बहुसंख्य रुग्ण गरीब आहेत, अशिक्षित किंवा अर्धशिक्षित आहेत, त्यांना वैद्यकीय संकल्पना कळत नाहीत. सरकारी रुग्णालयांत खाटा नाहीत, सोयी नाहीत, आहे ती अनास्था. तिथे जो उपचार मिळेल तो त्यांच्यासाठी वरदानच. तेव्हा या बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने संमती आणि निवड या गोष्टींना फारसा अर्थच उरत नाही.

इथून निकाल येतो तो अमेरिकेतल्या १९७२च्या कँटरबरी खटल्यातली कडक कसोटी भारताला नको, या निष्कर्षावर. त्या विषयातल्या अनुभवी डॉक्टरांना जितकं सांगणं सर्वसाधारणपणे योग्य वाटतं, तितकं सांगितलं की पुरे. हा विचार मूळ ब्रिटिश, १९५७च्या बोलॅम खटल्यातला.

माझा आक्षेप

वर्णन म्हणून तो परिच्छेद खोटा नाही. उलट प्रामाणिक आहे, इतका प्रामाणिक की वाचताना आपल्याच ओपीडीची रांग दिसते. माझा आक्षेप त्या वर्णनातून काय काढलं, याला आहे.

पहिली गोष्ट. 'सोयी कमी आहेत' या वाक्यातून 'म्हणून हक्क कमी' हे वाक्य निघत नाही. गावात पाणी येत नाही म्हणून गावकऱ्यांना तहान कमी लागते असं आपण म्हणत नाही. पर्याय कमी असतील तर आहेत त्या पर्यायांची माहिती जास्त मोलाची ठरते. ज्या बाईला दुसऱ्या शहरात जाऊन दुसरा सल्ला घेता येणार नाही, तिच्यासाठी या एकाच टेबलावरचं बोलणं हेच सगळं काही असतं.

दुसरी. निरक्षर म्हणजे न समजणारा, हे गृहीतक. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या, अंगठा देणाऱ्या बायका शेवटची पाळी सणांवरून अचूक सांगतात: "नागपंचमीच्या दोन दिवस आधी." आधीच्या बाळंतपणात किती टाके पडले, कुठल्या गोळीने मळमळलं, कुठल्या दुकानात तीच गोळी स्वस्त मिळते, सगळं तोंडपाठ. बचतगटाचं व्याज त्या तोंडी काढतात. त्यांना 'शंभरातल्या दोघींना असा त्रास होतो' हे कळणार नाही? कळतं. कळत नाही ते 'इंट्राऑपरेटिव्ह कॉम्प्लिकेशन्स', आणि ते मलाही एमएस्सीला येईपर्यंत कळत नव्हतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. खटला होता खासगी क्लिनिकमधल्या रुग्णाचा, आणि तिला न्याय मिळाला. पण कसोटी सैल करण्याचं कारण म्हणून उभे केले गेले सरकारी दवाखान्यातले गरीब, जे त्या खटल्यात कुठेच नव्हते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. संमतीवरच्या निकालात हे घडावं याचं मला आजही नवल वाटतं.

आणि ज्या ब्रिटनमधून आपण बोलॅम उचलला, त्यांनी तो या कामापुरता २०१५मध्ये सोडून दिला. माँटगोमेरी खटला. मधुमेह असलेली, बुटकी गरोदर बाई. अशा प्रसूतीत बाळाचे खांदे अडकण्याचा धोका ९ ते १० टक्के. डॉक्टरांनी तो सांगितला नाही, कारण सांगितला असता तर बहुतेक बायकांनी सिझर मागितलं असतं, असं त्यांचं म्हणणं. खांदे अडकले, बाळाला कायमचं अपंगत्व आलं. सात न्यायाधीशांनी सांगितलं की काय महत्त्वाचं हे डॉक्टरांच्या जमातीने नव्हे, त्या रुग्णाच्या जागी असलेल्या माणसाने ठरवायचं. लक्षात घ्या, हे रुग्णालय एनएचएसचं होतं, म्हणजे सरकारी आणि मोफत. 'फुकट आहे ना, मग निवड कसली' हा युक्तिवाद तिथे कुणाला सुचला नाही. आणि न सांगण्याचं कारण पुन्हा एकदा वाचा: सांगितलं असतं तर तिने वेगळं ठरवलं असतं. सांगायला हवं होतं ते नेमकं याच कारणासाठी!

"वेळ कुठे आहे?"

डॉक्टर मित्रमैत्रिणी इथे थांबवतात, आणि त्यांना थांबवण्याचा हक्क आहे. २०१७मध्ये 'बीएमजे ओपन'मध्ये ६७ देशांतल्या प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात याचा आढावा आला होता. स्वीडनमध्ये २२.५ मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद. भारत साधारण दोन मिनिटांवर. दोन मिनिटांत तपासायचं, लिहायचं, आणि वर संमतीचं तत्त्वज्ञान? सलग ड्युटी करून उभ्या असलेल्या रेसिडेंटला 'तू नीट समजावलं नाहीस' म्हणणं सोपं आहे. मी ते म्हणत नाही.

मी म्हणते ते असं: वेळ नाही ही तक्रार खरी असेल तर ती व्यवस्थेविरुद्धची तक्रार आहे, आणि फाईलमधली सही ती तक्रार झाकून टाकते. कागदावर सगळं समजावलेलं असतं, त्यामुळे समजावायला माणूस लागतो हे कुठल्याच मागणीपत्रात येत नाही.

वेळेचं टोक बघायचं असेल तर बिहारमधला अररिया जिल्हा बघा. ७ जानेवारी २०१२च्या रात्री एका सरकारी शाळेत भरलेल्या शिबिरात एकाच सर्जनने दोन तासांत ५३ स्त्रियांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया केल्या. भागाकार करा: एका बाईला सव्वादोन मिनिटं. यात शस्त्रक्रियाच कशी बसली हा प्रश्न आहे, संमती तर दूरच. त्यावरून देविका बिस्वास यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ती चालू असतानाच नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात ८३ जणींवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यानंतर अनेक जणी दगावल्या. सप्टेंबर २०१६च्या निकालात न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरांची पद्धत बंद करायला सांगितलं. संमतीबद्दलही सांगितलं: फॉर्म स्थानिक भाषेत हवा, समजावून दिल्याची नोंद हवी, आणि शस्त्रक्रियेआधी साधारण तासभर वेळ द्यावा, मन बदललं तर परत जाता यावं म्हणून.

सव्वादोन मिनिटं आणि एक तास. समीरा कोहली निकालातल्या त्या परिच्छेदाला त्याच न्यायालयाने आठ वर्षांनी दिलेलं हे उत्तर आहे, असं मी मानते. या बायका गरीबच होत्या, पुष्कळ निरक्षरही असतील. आणि न्यायालय म्हणतं, त्यांना तासभर विचार करू द्या. म्हणजे त्या विचार करू शकतात.

सही कुणाची?

आणखी एक गुंता. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांत शस्त्रक्रियेआधी लेखी संमती कुणाची घ्यायची, याच्या यादीत नवरा किंवा बायको आधी येतात, पालक मग, आणि 'स्वतः रुग्ण' शेवटी! वंध्यत्व येईल अशा शस्त्रक्रियेला दोघांची संमती लागते असंही तिथेच लिहिलंय. उलट केंद्र सरकारच्याच नसबंदीच्या मानकांत जोडीदाराच्या संमतीची गरज नाही. गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते. वॉर्डात मात्र एकच वाक्य ऐकू येतं: "मिस्टर कुठायत? बोलवा, सही लागेल." कायदा एक, नियम दुसरा, सवय तिसरी. आणि सवय जिंकते, कारण उद्या भांडण झालं तर नवऱ्याची सही कामाला येईल असं सगळ्यांना वाटतं. म्हणजे तो कागद रुग्णासाठी नाहीच, रुग्णालयासाठी आहे.

दुसऱ्याच्या सहीने काय होतं याचं उदाहरण आपल्याकडेच घडलंय. २००९–१०मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्यावर एप्रिल २०१०मध्ये तो थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध सिद्ध झाला नाही. पण संमतीपत्रं तपासली तेव्हा आंध्रातल्या ९,५४३ पैकी २,७६३ फॉर्मवर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही निघाली. ऑगस्ट २०१३मध्ये संसदीय स्थायी समितीने आपल्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले.

माझ्यासारख्या लसीच्या बाजूने बोलणाऱ्यांना हे प्रकरण जास्त लागायला हवं. लस चांगली होती आणि आहे. पण आईबापांना न विचारता दिली गेल्यामुळे प्रत्येक शंका खरी वाटू लागली, आणि नंतर कितीही शास्त्रशुद्ध बोललं तरी 'तेव्हा का नाही सांगितलं?' या प्रश्नाला उत्तर नव्हतं. 'समजावत बसलो तर लोक नाही म्हणतील, काम अडेल' असं म्हणणाऱ्यांनी बघावं, काम कशामुळे अडलं.

आणि माझं टेबल

इतकं सगळं लिहून स्वतःकडे न बघणं बरं दिसणार नाही.

पहिल्या काही आठवड्यांत मला कुणीच नकार दिला नाही. एकीनेही नाही. मला वाटायचं, आपण छान समजावतो. चार पानं वाचून दाखवायची, "काही शंका?" विचारायचं, सही. मग एक दिवस एक मुलगी, माझ्याहून लहानच, तिसऱ्या दिवशी परत आली. विचारायला लागली, "ताई, माझा रिपोर्ट? त्याशिवाय आत नंबर लावत नाहीत ना?" माझ्या नमुन्याचा तिच्या उपचाराशी काही संबंध नव्हता. चार पानांत तसं दोनदा लिहिलेलं होतं, मी ते वाचूनही दाखवलं होतं. तिच्या लेखी मात्र माझं टेबल हे केसपेपर आणि डॉक्टर यांच्यामधलं आणखी एक टेबल होतं. पांढरा कोट, रुग्णालयाचं आवार, हातात सुई. ती नाही कशी म्हणणार? आणि त्या रिपोर्टसाठी ती एसटीने आली होती, पोटात सातवा महिना घेऊन.

त्या रात्री मला झोप लागली नाही हे सांगून उपयोग नाही, त्याने तिचं तिकीट परत येत नाही. मी गाईडना सांगितलं, एथिक्स कमिटीला लेखी कळवलं. आधीच्या ज्या जणी पुढच्या तपासणीला आल्या त्यांना पुन्हा विचारलं, ज्यांना नको होतं आणि ज्या सापडल्याच नाहीत त्यांचे नमुने अभ्यासातून काढले. माझा नमुन्यांचा आकडा मागे गेला आणि पीएचडी काही महिने पुढे. आणि तीन साधे बदल केले. कोट काढला. टेबल रांगेतून हलवून औषधाच्या खिडकीपलीकडे, म्हणजे सगळं आटोपल्यावर येणाऱ्या वाटेवर ठेवलं. आणि "काही शंका?" हा प्रश्न बंद केला. त्याऐवजी विचारते, "घरी सासूबाईंनी विचारलं की रक्त कशाला दिलंस, तर काय सांगाल?"

या एका प्रश्नाने कळतं की काय पोचलंय आणि काय नाही. "माझं रक्त वाढावं म्हणून" असं उत्तर आलं की मी पुन्हा पहिल्यापासून सांगते. यासाठी प्रत्येकीमागे चारेक मिनिटं जास्त लागतात. आणि हो, आता बायका नाही म्हणतात. कुणी "उपवास आहे" म्हणून, कुणी "आधीच रक्त कमी आहे, तुम्हाला कशाला देऊ?" म्हणून. शेवटचं कारण वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे, एक चमचा रक्ताने काही होत नाही, आणि ते मी सांगते. तरी ती नाही म्हणाली तर नाही.

पूर्वी मला शून्य नकार म्हणजे उत्तम काम वाटायचं. आता कुठल्याही विभागात, कुठल्याही शिबिरात 'शंभर टक्के संमती' असं लिहिलेलं दिसलं की मी थबकते. प्रयोगशाळेत एखादी चाचणी कुठलाही नमुना घातला तरी 'पॉझिटिव्ह'च दाखवत असेल तर आपण नमुन्यांना नव्हे, चाचणीला दोष देतो. जिथे कधीच कुणी नाही म्हणत नाही तिथे संमती मोजलीच जात नाही.

सरकारी रुग्णालयात लगेच करण्यासारखं काय? समजावणारं वेगळं माणूस, समुपदेशक. शस्त्रक्रियेचा फॉर्म आदल्या दिवशी, थिएटरच्या दारात नव्हे. प्रत्येक नेहमीच्या शस्त्रक्रियेचं मराठीतलं एका पानाचं, चित्रं असलेलं माहितीपत्रक. आणि फॉर्मवर सहीच्या वर एक रिकामी जागा, जिथे रुग्णाने आपल्या शब्दांत सांगितलेलं लिहायचं: माझं काय करणार आहेत. यातल्या कशालाही मशीन लागत नाही.

परवा एक मावशी आल्या, सुनेबरोबर. सुनेने सगळं ऐकलं, सासूसमोरच सासूला काय सांगणार ते हसत हसत सांगितलं, बरोबर सांगितलं. मी पेन पुढे केलं. तर मावशी म्हणाल्या, "थांब गं. मलापण सांग एकदा. घरी गेल्यावर हिच्या नवऱ्याला मला सांगायचंय."

मी पहिल्यापासून सांगितलं. सही कुठे करायची हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.